जुनी फायबरची शिडाची बोट आणि चेनप्लेटचं दुखणं

सोलापुरात शिडाची बोट म्हणलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, कुठं चालवणार, सिद्धेश्वर तळ्यात का? उत्तर सोपंय, उजनी. धरण भरलं की फुगवटा पार भिगवणपर्यंत जातो आणि वाऱ्याला तिथं अडवायला काही नाही. समुद्रात वीस-तीस वर्षं चाललेल्या छोट्या फायबरच्या बोटी कोकणाकडं कधीमधी विकायला निघतात, कुणीतरी हौसेनं ट्रेलरवर टाकून आणतो, आणि मग आमच्यासारख्या एमआयडीसीत एफआरपीच्या, म्हणजे फायबरच्या, टाक्या नि दरवाजे बनवणाऱ्याला म्हणतो, "ओ मालक, त्या तारा अडकवायच्या जागेला जरा दोन लेयर मारून द्या की." लेयर मारायला काय, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण कुठं मारायचे आणि कशासाठी हे कळल्याशिवाय मारले तर नुसता रेझिनचा खर्च.

आधी सांगाडा समजून घ्या. डोलकाठी स्वतःच्या जिवावर उभी नसते, तिला तारांनी चारी बाजूनं ताणून धरलेलं असतं. बाजूच्या तारांना श्राउड म्हणतात, पुढच्या तारेला फोरस्टे, मागच्या तारेला बॅकस्टे. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणायचा स्क्रू, असतो, त्याच्या खाली पिन, आणि ती पिन ज्या धातूच्या पट्टीत जाते ती चेनप्लेट. बऱ्याच बोटींत ही पट्टी डेकला पाडलेल्या फटीतून खाली केबिनमध्ये उतरते आणि तिथं आडव्या प्लायवूडच्या भिंतीला, म्हणजे बल्कहेडला, बोल्टनं बसवलेली असते. काहींत ती सरळ हलच्या, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाच्या, आतल्या अंगाला बसवतात. आणि काही जुन्या बोटींत तर पट्टी फायबरच्या आत गाडूनच टाकलेली असते, वरून दिसत नाही, आतून दिसत नाही. ही तिसरी पद्धत मला अजिबात आवडत नाही, कारण जी गोष्ट बघता येत नाही ती चांगली आहे असं कुणी सांगायचं?

आता ताण किती येतो ते बघू, अंदाज असलेला बरा. वारा शिडाला ढकलतो, बोट कलते, आणि खालचं वजन तिला परत सरळ करायला बघतं. वारा कितीही असला तरी बाजूच्या तारेवर येणारा ताण शेवटी ह्या सरळ व्हायच्या ताकदीवर ठरतो, कारण त्यापेक्षा जास्त ढकललं तर बोट आणखी आडवी होते, शिडातला वारा निसटतो. समजा २२ फुटी बोट आहे, वजन १२०० किलो, आणि ३० अंश कलल्यावर तिला सरळ करणारा हात, म्हणजे वजनाचा खालचा दाब आणि पाण्याचा वरचा दाब ह्यांतलं आडवं अंतर, ३५ सेंटिमीटर आहे. १२०० गुणिले ०.३५ म्हणजे ४२० (किलो गुणिले मीटर). डोलकाठीपासून चेनप्लेट १.१ मीटर बाहेर असली तर ४२० भागिले १.१, म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या तारांवर साधारण ३८० किलो. हे झालं शांतपणे कललेल्या बोटीचं. त्यात तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात, माणसं कडेला बसलेली असतात, लाटेचे झटके असतात, म्हणून तिप्पट धरा, ११४० किलो. चार मिलिमीटरची १९ काड्यांची स्टेनलेस तार तेराशे-चौदाशे किलोच्या आसपास तुटते, त्यामुळं अशा बोटीला ती बसते. आणि नियम असा की चेनप्लेट नि तिची जागा तारेपेक्षा सव्वा ते दीडपट भक्कम पाहिजे. म्हणजे पावणेदोन ते दोन टन. एका हाताच्या पंजाएवढ्या जागेवर! आपल्या वळवाच्या पावसाआधीचा वारा कसा अचानक येतो ते सांगायला नको, मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या मधे प्रवासी बोट उलटून माणसं गेली ती तशाच वादळात. ती शिडाची बोट नव्हती, पण वारा तोच.

आता मुख्य मुद्दा. मार्केट यार्डात कांद्याच्या गाडीवर ताडपत्री बांधलेली बघा, दोरी तुटत नाही, पितळी रिंगही तुटत नाही, रिंगच्या भोवतीचं कापड फाटतं आणि रिंग दोरीसकट बाहेर येते. चांगल्या ताडपत्रीला म्हणून रिंगखाली दुहेरी-तिहेरी पट्टी शिवलेली असते. चेनप्लेटचंही तसंच आहे, आणि लोक नेमकं उलटं करतात, जाड पट्टी करून आणतात, मोठे बोल्ट टाकतात, आणि ती पट्टी त्याच कुजक्या प्लायवूडला परत आवळतात. दोन टनाची ओढ पट्टीतून बोल्टमध्ये, बोल्टमधून प्लायवूडमध्ये, प्लायवूडमधून फायबरच्या पट्ट्यांत आणि तिथून हलच्या मोठ्या अंगावर गेली पाहिजे, आणि ह्या वाटेत कुठंही एक कमजोर जागा असली की बाकी सगळं कितीही भारी असून काय उपयोग.

आकडे टाकून बघा. आठ मिलिमीटरचे चार स्टेनलेस बोल्ट मिळून पाच-सहा टनाला कापले जातील, म्हणजे बोल्टची काळजीच नाही. पण तो बोल्ट ज्या फायबरवर रेलतो ते सहा मिलिमीटर जाड असलं तर एका बोल्टला टेकायला आठ गुणिले सहा, ४८ चौरस मिलिमीटर जागा मिळते. चारांची १९२. दोन टन त्यावर टाकले तर दर चौरस मिलिमीटरला दहा किलोच्या वर. जुन्या, पाणी प्यायलेल्या लॅमिनेटला, म्हणजे फायबरच्या थरांना, हे जड जातं, भोक हळूहळू लांबोळकं होतं, पट्टी हलायला लागते, हलली की सील तुटतं, सील तुटलं की पाणी आत. हीच जाडी १२ मिलिमीटर केली तर तोच दाब निम्म्यावर येतो. म्हणून पट्टी जाड करण्यापेक्षा पट्टीखालची जागा जाड करणं केव्हाही फायद्याचं.

पाणी हा दुसरा विषय, खरं तर जुन्या बोटीत हाच पहिला. डेक बहुतेक वेळा सलग फायबरचं नसतं, वर-खाली फायबरची पातळ कातडी आणि मधे बाल्सा लाकूड, प्लायवूड नाहीतर फोम. वजन वाचतं, कडकपणा येतो, आयडिया चांगलीच आहे. पण चेनप्लेटसाठी डेकला फट पाडली आणि फटीच्या कडेचं लाकूड उघडं ठेवलं, वरून नुसतं सीलंट भरलं, की काही वर्षांत सीलंट सुटतं आणि पाणी त्या लाकडात जातं. तिथून बल्कहेडच्या वरच्या कडेला. प्लायवूड काळं पडतं, पदर सुटतात, हाताचं बोट खुपसलं तर भिजवलेल्या बिस्किटासारखं आत जातं, आणि बाहेरून मात्र बोट चकाचक.

स्टेनलेसचंही लोकांना वाटतं गंजत नाही. गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियमच्या अगदी पातळ थरामुळं, आणि तो थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. डेकच्या फटीत ओलावा असतो, मीठ असतं, हवा नसते. तिथं थर मोडला की परत तयार होत नाही आणि धातू आतून खड्ड्याखड्ड्यानं खात जातो. फटीच्या वर पट्टी आरशासारखी, खाली केबिनमध्येही ठीकठाक, आणि मधला एक-दीड इंच, जो दिसतच नाही, तिथं चीर. डोलकाठ्या पडतात त्या बऱ्याचदा अशाच जागी पट्टी तुटून. कुणी म्हणेल उजनीचं पाणी गोडं आहे, मग काय भीती. नवीन बोट असती तर मीही म्हणलो असतो की भीती कमी, पण ही बोट वीस वर्षं समुद्रात होती, मीठ त्या फटीत आधीच बसलंय आणि इथल्या पाण्यानं ते नुसतं ओलं राहणार.

तपासायचं कसं? आधी केबिनमध्ये झोपून वर बघा. पट्टीखाली तपकिरी ओघळ, प्लायवूडवर डाग, डेकवर पट्टीभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, बारीक भेगा, ही सगळी लक्षणं. तारा ताणल्यावर केबिनचा दरवाजा घासायला लागला तर समजा हलचं अंग आतल्या भिंतीपासून सुटून हलतंय. मग छोट्या हातोडीच्या दांड्यानं डेकवर ठोकत या, चांगल्या जागी टणक आवाज, कुजलेल्या जागी भद्द. पेन्सिलनं हद्द आखत जा, म्हणजे किती कापायचंय ते कळतं. आणि पट्ट्या काढाच, सगळ्या. न काढता वरून बघून "चांगली आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही अनुभवी असो. पट्टी साफ करून डाय पेनिट्रंट मारा, लाल रंग लावायचा, दहा-वीस मिनिटं थांबायचं, पुसायचं, पांढरं डेव्हलपर फवारायचं, चीर असेल तर लाल रेघ उमटते. सोलापूर जिल्ह्यात ह्यासाठी लांब जायला नको, एवढे साखर कारखाने आहेत, वेल्डिंग तपासणारी पोरं हे स्प्रेचे डबे घेऊनच फिरतात. चीर सापडली तर ती पट्टी भंगारात. वेल्डिंग करून वापरू नका.

आता दुरुस्ती. कुजलेलं प्लायवूड कापायचं, काळं संपून पिवळं कोरडं लाकूड लागेपर्यंत, आणि त्याच्याही दोन बोटं पुढं. तिथं नवीन मरीन प्लाय, किंवा बोल्ट येतात तेवढ्या जागेत सरळ तयार काच-इपॉक्सीची शीट, जी इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्यांकडं जी-१० किंवा एफआर-४ नावानं मिळते. ती कुजत नाही, दबत नाही. ज्या बोटीला त्या जागी बल्कहेडच नाही तिथं हलला आतून एक त्रिकोणी आधार उभा करायचा, त्याला नी म्हणतात, आणि त्यावर पट्टी बसवायची. ह्या आधाराचा पाय हलवर लांब पसरला पाहिजे. समजा दोन्ही बाजूंनी ३०० मिलिमीटर लांब आणि ७५ मिलिमीटर रुंद फायबरची पट्टी चिकटवली, तर एकूण ४५० चौरस सेंटिमीटर झाले, आणि दोन टन त्यावर पसरले की दर चौरस सेंटिमीटरला साडेचार किलोसुद्धा येत नाहीत. इपॉक्सीच्या चांगल्या जोडाला हे काहीच नाही. मग सुटतं का? कारण ओढ सगळ्या पट्टीवर सारखी येत नाही, कडेला जास्त येते, आणि कड एकदा उचलली की स्टिकर निघावा तशी पूर्ण पट्टी निघते. म्हणून कडा अचानक संपवायच्या नाहीत. प्रत्येक लेयर आधीच्यापेक्षा थोडा मोठा किंवा थोडा छोटा, उतार देत न्यायचा, इपॉक्सीत काम असेल तर जाडीच्या निदान १२ पट लांब उतार. आणि कोपऱ्यात काचेचं कापड काटकोनात वळवायचं नाही, घट्ट केलेल्या इपॉक्सीनं कोपरा गोल भरून घ्यायचा.

रेझिनवर आमच्या लाइनीतल्या लोकांशी माझा नेहमी वाद होतो. टाकी नवीन बनवताना पॉलिएस्टर एकदम बरोबर, लेयरवर लेयर ओला असतानाच पडतो आणि सगळं मिळून एक होतं. पण वीस वर्षं जुन्या, पूर्ण कडक झालेल्या फायबरवर पॉलिएस्टर रासायनिक जोड धरतच नाही म्हणा ना, ते नुसतं खरबरीत पृष्ठभागात अडकून बसतं. इपॉक्सी जुन्या फायबरला नि लाकडाला कितीतरी चांगलं चिकटतं. महाग आहे, मान्य, पण इथं लागणार किती, दोन-चार किलो. फक्त एक, आपली नेहमीची मॅट, म्हणजे सुट्या काचधाग्यांची चटई, इपॉक्सीसोबत वापरू नका. मॅटचे धागे जोडून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळतो, आणि स्टायरीन असतं पॉलिएस्टरमध्ये. इपॉक्सीत मॅट ताठच राहते, वळत नाही, आत हवा राहते. विणलेलं कापड घ्या, त्यात परत टाके घालून धरलेलं पंचेचाळीस अंशाचं बायएक्सियल मिळालं तर उत्तम, कारण भिंत नि हलच्या जोडावर ताण तिरका येतो आणि धागे त्याच दिशेनं पाहिजेत. पॉलिएस्टरवाल्यांना हार्डनर कमी-जास्त करून वेळ सांभाळायची सवय असते, इपॉक्सीत ते चालत नाही, डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, वजनकाट्यावर मोजून.

चिकटवायच्या आधी ४० किंवा ८० नंबरच्या डिस्कनं रंग, जेलकोट, सगळं काढून खाली काच दिसेपर्यंत घासायचं. त्याच्या आधी अ‍ॅसिटोननं पुसायचं, नाहीतर मेण नि तेल घासून आणखी आत जातं. केबिनमध्ये ग्राइंडर चालवणार असाल तर चांगला रेस्पिरेटर लावा, रुमाल बांधून होत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, ती खाज मग दोन दिवस सोडत नाही.

हवामानाचं म्हणाल तर ह्या कामाला आपलं सोलापूर किनाऱ्यापेक्षा चांगलं, हे ऐकून तिकडचे लोक चिडतील. कोरडी हवा आहे. कापून उघडं केलेलं डेक मार्च-एप्रिलच्या उन्हात जसं वाळतं तसं मुंबईच्या दमट हवेत वाळणार नाही, आणि दमट हवेत इपॉक्सीवर जो मेणचट थर येतो, जो पुढच्या लेयरच्या आधी पाण्यानं धुवावाच लागतो, तोही इथं कमी येतो. पण उष्णता वैरी आहे. साधारण हिशोब असा की दर दहा डिग्रीला इपॉक्सीचा वेळ निम्मा होतो. २५ डिग्रीला अर्धा तास मिळत असेल तर दुपारी ४० ला दहा मिनिटांत मग्यात दगड, आणि त्याआधी धूर. पहाटे काम करा, स्लो हार्डनर घ्या, थोडं थोडं कालवा आणि कालवलं की पसरट ट्रेमध्ये ओता, मग्यात ठेवू नका. अजून एक, घरच्या तापमानाला सुकलेली बरीचशी इपॉक्सी पन्नास-साठ डिग्रीच्या पुढं नरम पडायला लागते, आणि आपल्या उन्हात गडद रंगाचं डेक तेवढं तापतंच. तेव्हा डेकला पांढरा रंग. निळा कितीही भारी दिसत असला तरी.

डेकच्या फटीचं काम छोटं आहे पण तेच सगळं वाचवतं. फटीच्या कडेचं लाकूड चारी बाजूंनी १५-२० मिलिमीटर आत कोरून काढायचं, वरचं नि खालचं फायबर तसंच ठेवून. त्या खाचेत घट्ट इपॉक्सी भरायचं, सुकल्यावर फट परत पाडायची. म्हणजे उद्या सील गळलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही, खाली केबिनमध्ये थेंब पडतो आणि तुम्हाला कळतं. बोल्टच्या भोकांनाही हेच, आधी मोठं भोक, इपॉक्सीनं भरा, मग बरोबर मापाचं भोक. पट्टी मात्र इपॉक्सीनं चिकटवून टाकू नका, ती पुढं परत काढून बघायची असते. ब्यूटाइल टेप किंवा पॉलियुरेथेन सीलंट लावा. सिलिकॉन नको, एकदा लागलं की त्या जागी पुढं काहीच नीट चिकटत नाही.

छोट्या बोटीला आणखी एक पर्याय आहे, पट्ट्या सरळ हलच्या बाहेरून लावायच्या. डेकला फटच नाही, पाण्याचा प्रश्न नाही, आणि पट्टी रोज डोळ्यासमोर. हलला आतून जाड करून मागं बॅकिंग प्लेट द्यावी लागते, आणि तारा बाहेर गेल्यामुळं पुढचं शीड वाऱ्याच्या तोंडाला थोडं कमी ओढता येतं. उजनीवर शर्यत थोडीच लावायचीय, मी तरी हेच सुचवतो.

नवीन पट्टी ३१६ नंबरच्या स्टेनलेसची करा. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ती मिठाला नेहमीच्या ३०४ पेक्षा जास्त टिकते. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, पण चुंबकानं ३०४ नि ३१६ मधला फरक कळत नाही, टेस्ट सर्टिफिकेट मागा. भोकं कडेपासून निदान दीड ते दोन व्यासाएवढी आत, कडा गोल, पॉलिश चांगली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पट्टीची दिशा तारेच्या सरळ रेषेत. तार आत झुकलेली आणि पट्टी उभी असेल तर प्रत्येक झटक्याला पट्टी थोडी वाकते, आणि वाकून वाकून तुटते. दोरा बांधून डोलकाठीच्या वरच्या टोकापासून रेषा धरा आणि त्याप्रमाणं पट्टीला बाक द्या. टर्नबकलखाली टॉगल, म्हणजे छोटा हलता सांधा, लावा, म्हणजे सगळ्या बाजूंनी हालचालीला जागा राहते.

तारा वर ओढतात तेवढ्याच जोरानं डोलकाठी खाली दाबते, हे विसरतात लोक. डोलकाठी डेकवर उभी असेल आणि तिच्या पायाखालचं लाकूड कुजलं असेल तर डेक बसतं, तारा ढिल्या पडतात, मालक परत आवळतो, डेक आणखी बसतं. वारंवार ढिल्या पडणाऱ्या तारा दिसल्या तर चेनप्लेटला हात लावायच्या आधी डोलकाठीचा पाय उघडून बघा.

फुटक्या जुन्या बोटीत एवढा जीव ओतायचा का, असंही लोक विचारतात. नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब रेस ह्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत जगाला चक्कर मारून दुसरे आले, त्या शर्यतीचा नियमच आहे की बोटीचं डिझाइन १९८८ च्या आधीचं पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकातल्या फायबरच्या बोटींचं हल बऱ्याचदा जाडजूड असतं, बिघडतं ते लाकूड नि धातूचं.

सगळं बसवल्यावर इपॉक्सीला निदान आठवडाभर द्या आणि मग तारा एकदम आवळू नका, दोन्ही बाजूंना आळीपाळीनं, अर्धा-अर्धा फेरा. मग पाण्यात टाकायच्या आधी शेडमध्येच डेकवर पाइपनं अर्धा तास पाणी सोडा आणि आत प्रत्येक चेनप्लेटखाली टिश्यू पेपर चिकटवून ठेवा, ओला झाला तर ती पट्टी परत काढून सीलंट नव्यानं. उजनीचा साठा मायनसमधून, म्हणजे वापरायच्या पातळीच्या खालून, वर यायला तसाही पावसाळा अर्धा सरतो, तोवर हे करायला वेळ भरपूर मिळतो. पाण्यात उतरल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्या हलक्या वाऱ्यात करा, नवीन तार थोडी लांबतेच, ती परत ताणायची, आणि टर्नबकलच्या पिना फाकवून वर टेप गुंडाळायचा, नाहीतर पुढचं शीड त्यातच अडकून फाटतं.